नव्या डाकसेविकेस

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक रत्नागिरीच्या आपल्याच खोऱ्यात झाली आणि पोस्टाचं काम आटोपल्यावर गावासाठीही काही करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. दोन्ही कसं जमवू, असं विचारतेस. मला ही दोन कामं कधी वेगळी वाटलीच नाहीत. निवृत्तीनंतर आज मी लोकांचे जे कागद करून देतो, ते बटवडा करताना जमलेल्या ओळखींच्या जोरावरच. तेव्हा पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात घाल.

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्या सहा आकड्यांवर टपाल आपल्या भागात बिनचूक पोचतं. वाडीत शिरल्यावर मात्र अख्खी वाडी एका आडनावाची, आणि नातवाला आजोबांचं नाव. वडिलांचं नाव बघ. तेही सारखं निघालं तर त्या घराला वाडीत काय म्हणतात ते विचार. अंदाजाने कुणाच्या हातात काही ठेवू नकोस.

मी लागलो तेव्हा आपली गावं मुंबईच्या मनीऑर्डरींवर चालायची. खालच्या कुपनावर चाकरमान्याने दोन ओळी लिहिलेल्या असत: आईला औषध आण, दुकानदाराची उधारी दे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी त्या वाचून दाखवायचो, पण पडवीत नाही, घरात बसून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू मनीऑर्डरी आटल्या. बायका पाणंदीत येऊन उभ्या राहायच्या. लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणणं सोपं होतं. मी जवळ जायचो, घरच्यांची चौकशी करायचो, मुंबईला कार्ड लिहायचं असेल तर तिथेच लिहून द्यायचो. कोणाकडे पैसे आले नि कोणाकडे नाहीत, हे शेजारच्या घरी कधी निघू दिलं नाही. त्याच घरांनी पुढे माझ्यापुढे मोकळेपणी कागद ठेवले.

आता तुझ्या हातात, खात्यातले पैसे घरपोच काढून देणारं अंगठ्याचं मशीन असेल. शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा लवकर लागत नाही. बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं कर, दुसरं बोट लावून बघ, पण म्हातारीवर वैतागू नकोस. तिला आधीच अपराध्यासारखं वाटत असतं. अंगठा घेण्याआधी रक्कम मोठ्याने सांग. नोटा तिच्यासमोर मोज आणि तिच्याच हातात दे. सून किंवा मुलगा मध्ये हात पुढे करील, तेव्हा गोड बोलून थांबव. या एका गोष्टीत मी फार कडक आहे. कुणाचं पासबुक, एटीएम कार्ड सांभाळायला घेऊ नकोस, कितीही गळ घातली तरी.

गावसेवेसाठी मंडळ वगैरे काढायची घाई नको. कुणाची संजय गांधी निराधारची रक्कम थांबली, कुणा विधवेने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखलाच काढलेला नाही, हे फिरताना तुलाच आधी कळेल. तो कागद तहसीलपर्यंत नेऊन दे. 'मंजूर होईलच' असं मात्र सांगू नकोस. ते आपल्या हातात नसतं. निवडणुकीत कुणाच्याही चिठ्ठ्या वाटू नकोस, नाहीतर अर्ध्या वाडीची दारं बंद होतील.

हयातीच्या दाखल्यांचं काम आतापासूनच धर. सरकारी पेन्शनरांची नोव्हेंबरात गर्दी होते. गिरणीतून आलेल्या ईपीएस-९५वाल्यांना, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन घेणाऱ्यांना, तो वर्षात कधीही देता येतो आणि पुढे वर्षभर चालतो, म्हणून त्यांचे आधी उरकून घे. ठसा लागलाच नाही तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. उन्हात नको, सावलीत पण उजेडात बसव.

घाटी चढवत नाही अशांची यादी सोबत जोडली आहे. खालच्या वाडीतल्या काकूंना कमी ऐकू येतं, पुढचं दार वाजवत बसू नकोस; मागच्या पडवीकडून जाऊन हाक मार. त्यांचा दाखला येत्या महिन्यात संपतो आहे, तेवढा आधी कर.

तुझा,
पोस्टमनकाका