वाचकांचे प्रश्न : लहान मुलांना घेऊन तीन राज्यांतून

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. २५ डिसेंबर ते ३ जानेवारी असे दहा दिवस स्वतःच्या गाडीने फिरायला जायचा विचार आहे. गाडीत पती, मी, सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई असू. गाडी पती एकटेच चालवतात. इंदूर–बडोदे–मुंबई–गोवा–कोल्हापूर–पुणे–नाशिक–इंदूर असा बेत आहे. बडोद्याला माझी बहीण राहते, सासूबाईंना जेजुरीला कुलदैवताचे दर्शन घ्यायचे आहे आणि मुलाने समुद्र अजून पाहिलेला नाही. मुलीला गाडी लागते. इतका प्रवास मुलांना झेपेल का आणि त्यांचे खाणेपिणे वाटेत कसे सांभाळावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण आखलेला मार्ग सुमारे २४०० किलोमीटरचा होतो. दहा दिवसांनी भागले तर दिवसाला २४० किलोमीटर येतात आणि हा आकडा पाहून बेत सोपा वाटतो. परंतु प्रवास सरासरीने होत नसतो. आपल्या बेतात बडोदे ते मुंबई चारशे किलोमीटर, नाशिक ते इंदूर पुन्हा चारशेच्या वर आणि मुंबई ते गोवा पावणेसहाशे किलोमीटर आहे. यांतील शेवटचा टप्पा ज्या रस्त्याने जातो त्याचे रुंदीकरण कित्येक वर्षे रेंगाळलेले आहे आणि नाताळात निम्मी मुंबई त्याच रस्त्याने निघते. एकट्या चालकाने, मागे तीन वर्षांची मुलगी असताना, तो टप्पा एका दिवसात पार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो दोन दिवसांत केला, तर गोव्यात राहायला वेळच उरत नाही.

म्हणून गोवा या वेळी सोडून द्यावा. आपल्या पत्रात गोव्याला जाण्याचे कारण कुठेच दिलेले नाही. कारणे तीन दिली आहेत : बहिणीची भेट, जेजुरी आणि समुद्र. समुद्रासाठी गोव्यापर्यंत जाण्याची गरज नाही. पालघर जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून बोर्डी आहे. बडोद्याहून सुरत, वापी, भिलाड, उमरगाव असे ते पावणेतीनशे किलोमीटर पडते. लांबच लांब किनारा, काठाने सुरूची झाडे, शेजारी घोलवडच्या चिकूच्या वाड्या. या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ओहोटीला पाणी पुष्कळ आत जाते आणि मागे उरलेल्या घट्ट ओल्या वाळूत मुलांना मनसोक्त खेळता येते. मात्र भरतीच्या वेळा मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून घ्याव्यात आणि पाण्याच्या कडेला प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस असावे. ज्याने समुद्र कधीच पाहिलेला नाही, त्या मुलाला असा शांत किनारा गर्दीच्या किनाऱ्यापेक्षा अधिक काही देऊन जाईल.

पहिल्या दिवशी इंदूरहून धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल या वाटेने बडोदे गाठावे. हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि संपूर्ण प्रवासातला हाच सर्वांत लांबचा दिवस असेल. मुले ताजीतवानी असतात म्हणून तो पहिल्याच दिवशी चालतो. झाबुआच्या अलीकडे माछलिया घाट लागतो, त्याच्या आधीच एकदा थांबून पाय मोकळे करावेत. जेवण दाहोदला घ्यावे. माळवा आणि गुजरात यांच्या दोन हद्दींमुळे ‘दोहद’ आणि त्यावरून दाहोद, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. सात वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असले की दुकानांच्या पाट्यांवरची लिपी केव्हा बदलते याकडे तो आपोआप लक्ष देतो.

बडोद्यात दोन रात्री राहावे. मुलाला एकतानगरचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा पाहायचा असेल, तर मधला पूर्ण दिवस त्यालाच द्यावा लागेल, कारण जाऊन-येऊन १८० किलोमीटर होतात. सोमवारी तो बंद असतो. बडोद्याहून तिथवर रेल्वेही जाते; त्या दिवशी गाडी बहिणीच्या दारात उभी ठेवली, तर आपल्या पतींनाही विश्रांती मिळेल. पण माझ्या हाती असते तर मी पुतळा पुढच्या खेपेला ठेवला असता आणि तो दिवस कामाठीबागेत घालवला असता. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली केलेल्या या बागेत प्राणिसंग्रहालय आहे, वस्तुसंग्रहालय आहे, मुलांची छोटी गाडी आहे आणि कंटाळलेल्या तीन वर्षांच्या मुलीला पंधरा मिनिटांत घरी नेऊन झोपवता येते. आदल्या दिवशी सात-आठ तास पट्ट्यात बसलेल्या मुलांना पळायला मोकळी जागा लागते, पाहायला भव्य काही मिळाले नाही तरी चालते.

बोर्डीला दोन रात्री काढून डहाणू, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या वाटेने नाशिकला यावे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असले तरी रस्ता डोंगरातला आणि वळणांचा आहे. त्याला पाच तास धरावेत. मुलीला गाडी लागण्याचा खरा धोका याच दिवशी आहे, तेव्हा जव्हारला चांगला तासभर थांबावे. सासूबाईंना त्र्यंबकेश्वराचे दर्शन वाटेतच घडेल, परंतु सुटीत तिथे रांग मोठी असते. मुलांना रांगेत उभे न करता त्या आणि आपल्यापैकी एकजण जाऊन आलात तर बरे. दुसऱ्या दिवशी पुणे. नारायणगाव ते चाकण या भागात वाहने खोळंबतात, म्हणून चाकण दुपारी ओलांडावे, संध्याकाळपर्यंत थांबू नये.

पुण्यात दोन रात्री राहून मधल्या दिवशी जेजुरी करावी. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. रविवार टाळावा आणि सकाळी लवकर गड चढावा. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि ऊन चढल्यावर त्या सासूबाईंना आणि मुलीला दोघींनाही जड जातील. खंडोबा होळकरांचेही कुलदैवत. मल्हारराव मूळचे तिथून फार दूर नसलेल्या होळ गावचे. इंदूरच्या राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या मुलाला होळकरांनी जेजुरीला केलेले बांधकाम दाखवताना हे अवश्य सांगावे.

परतीला पुणे ते इंदूर हे सहाशे किलोमीटर एका दमात करू नयेत. शेवटच्या दिवशी घराची ओढ असते आणि चालक थकलेला असतो. डुलकी लागते ती अशाच वेळी. पहिली रात्र शिर्डीला काढावी. दुसऱ्या दिवशी मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असे सव्वातीनशे किलोमीटर येऊन धामणोदहून महेश्वरला वळावे. मग अखेरची रात्र नर्मदेच्या काठी, अहिल्याबाईंच्या घाटावर होईल आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचायला केवळ नव्वद किलोमीटर उरतील. हा सगळा मार्ग सुमारे १७०० किलोमीटरचा होतो आणि नऊ रात्रींत बरोबर बसतो.

आता मुलांच्या दिवसाविषयी. आपल्याकडे पहाटे तीनला निघून ‘रस्ता मोकळा मिळेल’ असे म्हणण्याची पद्धत आहे. डिसेंबरात माळव्यात पहाटे धुके असते, पहाटेचे दोन-तीन तास चालकाला झोप अनावर होण्याचे असतात आणि मोडलेल्या झोपेची मुले दिवसभर किरकिर करतात. उजाडल्यावर, सातच्या सुमारास निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. दर दोन तासांनी वीस मिनिटे थांबावे. मुले झोपली असतील तर तसेच पुढे जावे, पण चालकाने तीन तासांपेक्षा अधिक सलग चालवू नये. मुलीची दुपारची झोप घरी ज्या वेळी होते त्याच वेळी गाडी चालती असावी, म्हणजे दिवसातला सर्वांत निवांत टप्पा आपोआप मिळतो. पेट्रोल भरायला किंवा चहा आणायला उतरताना मुलांना बंद गाडीत एकटे ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते.

गाडी लागते ती कशामुळे, हे समजले की उपाय सोपे होतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीराला ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. म्हणून चालत्या गाडीत मुलीच्या हाती मोबाइल किंवा चित्रांचे पुस्तक देऊ नये. तिची बसण्याची जागा उंच करून तिला समोरचे, दूरचे दिसेल असे पाहावे आणि काच थोडी उघडी ठेवावी. गोष्टी, गाणी, भेंड्या, ट्रकमागच्या ओळी वाचणे यांत वेळ चांगला जातो. गोळी किंवा औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावे आणि निघण्यापूर्वी एकदा घरी देऊन पाहावे, कारण काही औषधांनी मुले फार गुंगतात.

निघताना पोटभर खायला घालू नये, तसेच उपाशीही ठेवू नये. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही इंदूरहून भरपूर शेव घातलेले पोहे आणि जिलबी खाऊन निघालो आणि मानपूरचा घाट उतरताना तिला सलग तीन उलट्या झाल्या. त्या दिवशी बदलायचे कपडे डिकीत, सगळ्या सामानाखाली होते, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून एक जोडी कपडे, ओला पंचा, कागदी पिशव्या आणि पाणी आम्ही मुलांच्या पायाशी ठेवतो. सकाळी कोरडी पोळी, केळे किंवा खाकरा पुरेसा होतो. शिदोरीत पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि धपाटे घ्यावेत. पुढे वाटेत गरम वरणभात किंवा खिचडी मागावी. दही, चटण्या आणि उघड्यावरची कापलेली फळे मुलांना देऊ नयेत.

प्रश्न : आम्ही नात्यातल्या लग्नासाठी ग्वाल्हेरहून इंदूरला गाडीने जाणार आहोत. दोन वर्षांच्या नातीसाठी सुनेने वेगळे आसन आणले आहे. मांडीवर मूल अधिक सुरक्षित नसते का?
— एक आजी, ग्वाल्हेर

उत्तर : आजी, आपली माया खरी आहे, पण या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे योग्य आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून क्षणात थांबली, तर बारा-पंधरा किलोच्या मुलाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या कित्येक पट ओझे पेलण्याइतका जोर लागतो आणि तो कुणाच्याच हातांत नसतो. दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावणे तर आणखी घातक, कारण मोठ्या माणसाच्या भाराखाली मूल चेपले जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे.

आसन नेहमी मागच्या सीटवर बसवावे. मूल मागे तोंड करून बसवायचे असेल, तर ज्या सीटसमोर एअरबॅग चालू आहे तिथे ते आसन कधीही ठेवू नये. तीन-चार वर्षांनंतर खांद्यावरून पट्टे असलेले आसन लहान पडू लागले की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, घ्यावा आणि मूल साधारण १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत तो वापरावा. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक निघण्यापूर्वी तपासावे. नातीला आसनाची सवय नसेल, तर लग्नाच्या आधी दोन आठवडे तिला त्यातूनच बागेत न्यावे. महामार्गावर पहिल्यांदा बांधले तर ती रडेल आणि आपल्याला तिला मांडीवर घेण्याचा मोह होईल. आपण तिच्या शेजारी बसावे आणि तिचा हात धरावा.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास अशा प्रवासाला उपयोगी पडतो का? सोबत कोणती औषधे ठेवावीत?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : खासगी मोटारींसाठीचा हा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांत सुरू झाला, तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत चालतो. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या राज्याच्या रस्त्यांवर टोल नेहमीप्रमाणे कापला जातो, त्यामुळे खात्यात पैसे ठेवावेच लागतात. वर्षातून असा एकच प्रवास होत असेल तर पासची घाई करू नये.

औषधांत तापाचे मुलांचे औषध वजनानुसार डॉक्टरांकडून मात्रा लिहून घेऊन, थर्मामीटर, मुलांची नेहमीची औषधे आणि ओआरएसची पाकिटे असावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घातले, तर क्षारांचे प्रमाण बिघडते. दुकानात मिळणारी गोड, फळांच्या चवीची पेये त्याच्या जागी देऊ नयेत. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मोबाइलबरोबरच एका कागदावर लिहून समोरच्या काचेपाशी लावावेत, म्हणजे चालकाखेरीज इतरांनाही ते चटकन सापडतील.