डायलिसिसवर असताना डाळ, दूध, अंडी बंद केली तर पीटीएच खाली येतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील 68 वर्षांचे, डायलिसिस आठवड्यातून दोनदा, पीटीएच (गळ्यातल्या बारक्या ग्रंथींचं हार्मोन, पुढे सांगतो) 870 आलं आणि घरच्यांनी डाळ, दूध, अंडी एका दिवसात बंद करून टाकली. आता ते उतरेल का, असा प्रश्न आहे.

डाळ बंद करून तर नाही उतरणार. एवढं ठासून सांगतोय कारण माझीही डाळ अशीच बंद झाली होती. ती बंद करणारे आमचे थोरले बंधू अजूनही म्हणतात की त्यांचंच बरोबर होतं.

मी सहा वर्षं मशीनवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली शिफ्ट. चार वर्षांपूर्वी माझं पीटीएच 1140 आलं, रक्तातला फॉस्फरस 7.2, तोही चढलेलाच. चांगल्या किडनीवाल्यांचं पीटीएच साधारण 65 च्या आत असतं. आपल्याला त्याच्या दुपटीपासून नऊपटीपर्यंत चालवून घेतात, म्हणजे ढोबळमानाने 130 ते 600. त्या दिवसांत पाठीला अशी खाज सुटायची की मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो. चौकटीचा तेवढ्या पट्ट्यातला रंग गेलाय, अजून लावून घेतलेला नाही.

दादा बँकेतून निवृत्त झालाय, नारायण पेठेत राहतो आणि निवृत्तीपासून आमच्या घराण्याचा मानद डॉक्टर आहे. रिपोर्ट त्याला पाठवला ही माझी चूक. सकाळपर्यंत तक्ता तयार. डाळ बंद, कडधान्यं बंद, अंडं बंद, पनीर बंद, आणि बंद असलेल्या रकान्यांत लाल रंग भरलेला. हिने तो फ्रीजला लावला, कारण मोठ्या दिरांनी दिलेला.

त्या वर्षीचं गौरीजेवण दादाकडे होतं. पंगत बसली, मूद पडली, वहिनी वरणाची पळी घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि दादा समोरून ओरडला, "त्याला वरण नको!" पळी तशीच हवेत. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि शेजारच्या पानावर गेल्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पंधरा-वीस जणांत कोरडी मूद तुपाशी कालवून खाल्ली. पुरणपोळी आली तेव्हा मी पानावर स्वतःच हात आडवा धरला, उगाच पुन्हा नाटक नको.

खरी गंमत संध्याकाळी. नातवंडांसाठी चीज टोस्ट झाले, तर दादा स्वतः बशी घेऊन आला. "दुपारी नीट जेवला नाहीस. हे हलकं आहे, खा." सोबत काळं कोल्ड्रिंक. तुझं पाणी मोजून असतं म्हणून अर्धाच ग्लास, असंही वर सांगितलं. मी खाल्लं. भूक लागली होती.

असं दोन-अडीच महिने चाललं. वरण नाही, उसळ नाही, त्याऐवजी पोटाला आधार म्हणून चीज, नूडल्स, पाकिटातला केक. फॉस्फरस 7.2 चा 7.6 झाला. वजनाचा काटा मात्र हलत नव्हता आणि दादा तोच दाखला द्यायचा, "बघ, काही कमी पडत नाहीये तुला." कमी पडत होतं. माझं ड्राय वेट, म्हणजे मशीनने जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, 61 किलो लिहिलेलं होतं. अंगावरचं मांस उतरलं आणि तेवढीच जागा पाण्याने भरली, काटा 61 वरच. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली तरी आमच्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एका रविवारी रात्री आडवं होता येईना, दम लागला, पहाटेपर्यंत खुर्चीत बसून काढली. सोमवारी डॉक्टरांनी ड्राय वेट टप्प्याटप्प्याने 57.5 वर आणलं आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) 3.1, म्हणजे कमी, बघून विचारलं, "जेवता काय तुम्ही?"

मग डाएटिशियनकडे रवानगी. त्या बाईंनी तक्ता पाहिला, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, तीन दिवसांत घरात जे जे पाकीट फोडाल त्याचं वेष्टन घेऊन या. मी पिशवीभर कागद घेऊन गेलो. त्यांनी लाल पेनाने गोल करायला सुरुवात केली. चीज स्लाइसवर 339, नूडल्सवर 451, केकच्या तयार पिठावर 450. कोल्ड्रिंकचा 338. हे सगळे फॉस्फेटचे नाहीतर फॉस्फोरिक आम्लाचे नंबर. 338 ते 341 आणि 450 ते 452 एवढे पाठ करा, बास. फॉस्फरस किती मिलिग्रॅम ते वेष्टनावर सहसा नसतंच, हे नंबरच तेवढे मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. ही मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचते.

डाळीतला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच. त्यामुळे त्यातला निम्मा किंवा त्याहून कमीच रक्तात उतरतो. अंडी, मांस, दूध यांचा त्याहून जास्त. आणि पाकिटातला फॉस्फेट क्षार नव्वद टक्क्यांच्या वर, जवळपास सगळाच. म्हणजे दादाने पळी अडवली ती बरोबर उलट्या पदार्थावर. शिवाय डायलिसिसवाल्याला प्रोटीन जास्त लागतं, दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, कारण मशीन घाणीबरोबर अमायनो आम्लंही ओढून नेतं. किडनीवाल्याने प्रोटीन कमी खायचं हा नियम डायलिसिस सुरू होण्याआधीचा. दादाने तोच पुढे चालू ठेवला होता.

आता पीटीएचचं. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारक्या ग्रंथी असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या. (मशीनवर चार तास पडून वाचन भरपूर होतं. या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नाही, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात, 1850 च्या सुमारास, रिचर्ड ओवेनला. माणसातल्या शोधायला 1880 उजाडलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "गेंडा काय खात होता ते बघ.") किडनी गेली की फॉस्फरस साठतो, व्हिटॅमिन डी कामाच्या रूपात येत नाही, रक्तातलं कॅल्शियम खाली सरकतं. मग या ग्रंथी पीटीएच सोडून हाडांतून कॅल्शियम उपसतात. म्हणून हाडं दुखतात, आणि म्हणून "हाडं दुखतात ना, मग नाचणी आणि दूध वाढवा" हा शेजारपाजारचा सल्लाही कानाआड करा.

एक कबुली द्यायला हवी, दादाने हे वाचलं तरी चालेल. डाएटिशियनने शेवटी विचारलं, "बाइंडर कधी घेता?" मी म्हणालो, रात्री दहाला, सगळ्या गोळ्यांबरोबर. त्यांनी पेन खाली ठेवलं. सेव्हेलामर असो की कॅल्शियम ॲसिटेट, ती गोळी पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. अन्न आठला जेवून झालेलं आणि गोळी दहाला, मग ती धरणार काय? दुपारच्या दोन गोळ्या तर मी ऑफिसात विसरायचोच. दीड वर्षं असं चालू होतं. चिठ्ठीवर 'जेवणासोबत' असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे 7.2 ला दादाचा तक्ता जबाबदार नव्हता, तो नंतर आला. पण 7.6 त्याचाच.

आता गोळी ताटात असते. आपल्याकडे पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात, माझं मीठ बंद झाल्यापासून ती जागा रिकामीच होती. ही तिथे बाइंडर वाढते. वरण रोज एक वाटी, डाळ आधी भिजवून, ते पाणी टाकून शिजवलेली. अंड्याचा पांढरा भाग रोज दोन. त्यात प्रोटीन चांगलं आणि फॉस्फरस नावाला, फॉस्फरस सगळा बलकात. पाच महिन्यांत फॉस्फरस 5.2 वर आला. पीटीएच 560, पण ते एकट्या जेवणाने नाही, पीटीएच दाबणारी सिनाकॅल्सेट 30 ची गोळी चालू केली होती. सुरुवातीला मळमळ फार, आणि कॅल्शियम तपासल्याशिवाय ती घ्यायचीच नसते.

दुधाबाबत मात्र दादाशी माझं फारसं भांडण नाही. एक कप दुधात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस जातो. चहापुरतं ठेवा, पेला भरून नको.

तुमच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच आहे हे मला डाळीपेक्षा जास्त खटकलं. चार तासांच्या एका बैठकीत मशीन साधारण 800 मिलिग्रॅम फॉस्फरस काढतं. शहाण्यासारखं जेवूनही रोज पाच-सहाशे मिलिग्रॅम रक्तात येतो, आठवड्याचा हिशेब तुम्हीच करा. तिसरी बैठक जमते का ते विचारा. येण्याजाण्याचा त्रास आणि खर्च मला माहीत आहे, तरीही विचारा.

बाकी, मी डॉक्टर नाही, मीही दादासारखाच वाचून शहाणा झालेला. पोटॅशियम वर असेल तर डाळीचंही माप पाळावं लागेल. ग्रंथी फार वर्षं ताणल्या गेल्या असतील तर त्या कशालाच ऐकत नाहीत, मग ऑपरेशनचीच गोष्ट निघते. पीटीएच फार खाली गेलं तरी हाड मरगळतं, म्हणून 65 च्या आत आणायच्या मागे लागू नका. एका रिपोर्टवर घाबरू नका, दोन-तीन लागोपाठचे बघतात. आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत, त्याने फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही चढतं.

यंदा गौरीजेवणाला वहिनींनी दादाला न विचारता मुदीवर वरण घातलं. दादा म्हणाला, "अर्धीच पळी." वहिनींनी पूर्ण घातली.

तुमच्या प्रश्नात वडिलांच्या फॉस्फरसचा आकडा नाही, आणि बाइंडर चालू आहे का, असेल तर किती वाजता घेतात, हेही नाही. ते खाली लिहा.