आधी कागद, मग सोनं

प्रिय पोरी,

परवा तू प्रेसमध्ये आलीस तेव्हा छपाईचं मशीन चालू होतं, समोर एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं, आणि मी तुला धड उत्तर दिलं नाही. मोबाइलवरची लग्नपत्रिका पुढे करून तू विचारलंस, 'काकू, फॉइल करू, सोनेरी शाई घेऊ, की सरळ मेटपेटचा बोर्ड, तो धातूची फिल्म चढवलेला?' मी विचारलं, 'कागद कुठला?' तू म्हणालीस, 'तो नंतर बघते, आधी फिनिश ठरवते.' तिथेच माझं डोकं फिरलं. 'मग उद्या ये' म्हणून मी मशीनकडे वळले. तू काही आली नाहीस. जाताना तुझा चेहरा उतरला होता, तो रात्री आठवत राहिला, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या मांडणीबद्दल मी बोलत नाही. ती चांगली नसती तर हे पत्र लिहिलंच नसतं. बोलायचंय ते कागदाबद्दल.

आधी कागद. तो हातात घे, नख फिरव, उजेडात तिरका धर, एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात जिरतो ते बघ. त्यानंतर सोन्याचांदीचं बोल. धातूची चमक त्याची एकट्याची नसतेच म्हण ना. समोरचा उजेड तो परत फेकतो, आणि तो कसा फेकला जाणार ते खालचा कागद ठरवतो.

तुझ्या मोबाइलवर दिसत होतं ते सोनं नव्हतं. पिवळ्यातून तपकिरीकडे उतरत गेलेला रंग आणि मधे एक पांढरी तिरीप, एवढंच होतं. चार रंगांच्या छपाईत त्याचा मातकट पिवळा होतो. रविवर्म्याच्या तैलचित्रांतले दागिने कधी जवळून बघ, सगळं रंगाने रंगवलेलं सोनं आहे. तंजावरच्या चित्रांत खरा वर्ख चिकटवतात. दोन्ही वाटा मोठ्या माणसांनी चालून दाखवल्यात. पण रंगातलं सोनं जागच्या जागी राहतं, आणि वर्खाचं सोनं बघणारा हलला की हलतं. तुला कुठलं हवंय? हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस.

आता शाई. सोनेरी शाईत सोनं नसतं, पितळेची पूड असते, म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं जास्त असेल तर लालसर झाक येते, जस्त जास्त असेल तर हिरवट पिवळी. चंदेरी शाईत ॲल्युमिनियम. हे कण गोल नसतात, माशाच्या खवल्यांसारखे चपटे असतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर ते एकाशेजारी एक आडवे पडतात आणि चमकतात. खरखरीत कागद शाईतलं तेल पिऊन टाकतो, मग खवले वेडेवाकडे बसतात, काही आत रुततात, आणि उजेड दहा दिशांना जातो. पॅन्टोन कंपनी रंगांना नंबर देते, तिच्या पट्ट्यांत 871 ते 876 सोनेरी-तपकिरी आणि 877 चंदेरी. हाच 877 आर्ट पेपरच्या पुस्तकात बघ आणि मग साध्या कागदाच्या पुस्तकात बघ. एकीकडे चांदी, दुसरीकडे राख. नंबर तोच, शाई तीच, बदलला तो फक्त कागद.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. 1996 साली माझ्याकडे एका निवृत्त शिक्षकांचा पहिला कवितासंग्रह आला. पाचशे प्रती. मुखपृष्ठासाठी त्यांनी स्वतः मातकट हातकागद निवडून आणला होता, त्यावर सोनेरी शाईत फक्त शीर्षक. प्रकाशन रविवारी, आणि कागद हातात आला शुक्रवारी संध्याकाळी. तोवर मी चाचणी करून ठेवली होती. कशावर, तर प्रेसमध्ये पडलेल्या आर्ट पेपरच्या कापावर. काय झळकत होतं ते अक्षर! मी निर्धास्त झाले. शनिवारी ट्रेडल मशीनवर मुखपृष्ठं काढली तेव्हा शीर्षक शिळ्या हळदीसारखं उमटलं. मला दिसलं. मशीनमनलाही दिसलं. 'वाळल्यावर उठेल' असं मी म्हणाले, आणि ते खरं नाही हे म्हणतानाच मला ठाऊक होतं.

रविवारी सरांनी पहिली प्रत हातात घेतली, शीर्षकावरून हलकेच अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं. पूड लागली होती. खिशातून रुमाल काढून त्यांनी अंगठा पुसला आणि पुस्तक टेबलावर अलगद ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी पूर्ण बिल चुकतं केलं आणि मी ते घेतलं. पुन्हा माझ्याकडे कधी आले नाहीत. काही वर्षांनी एका वाचनालयात ती प्रत हाती लागली, तर शीर्षक काळपट पडलं होतं. पितळ हवेने काळं पडतं, घरातल्या समईचं पडतं तसं. फक्त पुस्तकाला चिंच लावता येत नाही. पाचशे मुखपृष्ठं पुन्हा छापायला तेव्हा असे किती पैसे लागले असते? ते मी केलं नाही. चाचणी केली होती असं मी कितीतरी वर्षं सांगत राहिले. चुकीच्या कागदावर केलेली चाचणी ही चाचणी नसते.

म्हणून तुझ्यावर चिडले. तुझ्यावर नाही खरं तर.

बरं, फॉइल. तुझ्या पत्रिकेला माझ्या मते फॉइलच हवं. साधारण बारा मायक्रॉनच्या पॉलिस्टर फिल्मवर पिवळं लॅकर, म्हणजे रोगण, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. हेही सोनं नव्हे, पण ते कागदाच्या वर बसतं, आत जिरत नाही. गडद कुंकवाच्या रंगाच्या कागदावरही उठून दिसतं, तिथे शाई हरते. गरम ब्लॉक, म्हणजे अक्षरं कोरलेला धातूचा ठसा, त्याचा दाब आणि टेकण्याचा वेळ, या तिघांचं जमलं की झालं. उष्णता जास्त झाली तर अक्षर फुगतं, कमी पडली तर कडा तुटतात. पण इथेही आधी कागद! फार खडबडीत हातकागदाच्या खळग्यांत फॉइल पोचत नाही आणि अक्षराला भोकं पडतात. मॅट लॅमिनेशनवर छान बसतं. मेण किंवा सिलिकॉन असलेल्या वॉर्निशवर बसतच नाही. खाली छपाई असेल तर ती पूर्ण वाळू दे, दोन दिवस थांब, आणि मग सेलोटेप लावून ओढून बघ. टेपवर सोनं आलं तर काम थांबव, गिऱ्हाईक कितीही ओरडो.

आणि आपली लिपी विसरू नकोस. फॉइलच्या कंपन्यांची नमुन्याची पुस्तकं रोमन अक्षरांत असतात, त्यावर भाळू नकोस. ध, भ, श्र, क्ष यांच्या पोटातली जागा बारीक टायपात फॉइलने भरून जाते. 'चि. सौ. कां.'मधली टिंबं, अनुस्वार, रफार एकतर उडतात नाहीतर शेजारच्या अक्षराला चिकटतात. नावं मोठी असतात, ती फॉइलमध्ये कर. गणपती कर. निमंत्रकांची यादी, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता साध्या गडद शाईत. घरातली आजी ट्यूबलाइटखाली पत्रिका धरून मुहूर्त वाचणार आहे. तिला तो वाचायला पत्रिका चार वेळा तिरकी करावी लागली, तर त्या सोन्याचं काय करायचं?

मेटपेटबद्दल माझं मत तुला ठाऊकच असेल. पूर्ण बोर्डावर धातूची फिल्म, आणि जिथे धातू नको तिथे खाली पांढरी शाई. मिठाईच्या किंवा अत्तराच्या खोक्याला तो शोभतो, हे मी मान्य करते. पत्रिकेला नाही. क्रीझिंग, म्हणजे घडीची रेघ दाबणं, नीट झालं नाही तर घडी तडकते, बोटांचे ठसे उमटतात, आणि रद्दीत गेल्यावर फिल्म कागदापासून सुटता सुटत नाही. मी ही कामं घेतली नाहीत. पुतण्या म्हणतो, काकू, त्या हट्टापायी निम्मी गिऱ्हाइकं गेली. गेली. त्या वर्षांत दोन माणसं कमी करावी लागली, तेही खरं. पण ज्या कागदाचा स्पर्शच झाकला जातो त्यावर छापणं मला जमत नाही, आणि माझ्याकडे जे राहिले ते याच कारणासाठी राहिले. मला यात चुकल्यासारखं वाटत नाही. तू तुझं ठरव. पण बोर्ड हातात घेऊन ठरव, मोबाइलवर बघून नको.

आता ऐक. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जा, फार खरखरीत नसलेले दोन कागद घे. एक साधा 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्ड घे, आणि एक मॅट लॅमिनेशन केलेला. प्रत्येकाचे पाच-पाच तुकडे पत्रिकेच्या मापात कापून आण. माझ्याकडे गणपतीचा एक जुना पितळी ब्लॉक आहे, वडिलांच्या वेळचा. शनिवारी दुपारी मशीन मोकळं असतं. चारही कागदांवर तोच ब्लॉक, तेच फॉइल मारू, आणि बाहेर ओट्यावर उन्हात, मग आत ट्यूबलाइटखाली ठेवून बघू. नवऱ्या मुलीच्या आईलाही घेऊन ये. साडेतीननंतर ये, त्याआधी मशीनमन जेवायला जातो.

तुझी,
काकू