मामांचा लिम्फोमा आणि आजीचे मायटोकॉन्ड्रिया

प्रश्न : मामांना फॉलिक्युलर लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, बायोप्सी रिपोर्टमध्ये 'बीसीएल-टू पॉझिटिव्ह' लिहिलंय. फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाकलंय की कॅन्सर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया खराब होणं, साखर बंद करून एक पावडर घेतली की ते रिपेअर होतात. आणि मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात म्हणे, मग मामांचे आणि माझे एकच ना? मलाही धोका आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : शेवटचं आधी घेतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. हो, आजीचेच मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे छोटे कारखाने, मामांकडे आले आणि आईमार्फत तुमच्याकडेही. पण त्यांच्या स्वतःच्या डीएनएत जेमतेम 37 जीन्स असतात आणि रिपोर्टमधला बीसीएल-टू हा जीन त्यात नाहीच, तो असतो पेशीच्या केंद्रकात, 18 नंबरच्या क्रोमोसोमवर. या आजारात बहुतेकांचं होतं असं, की एखाद्या बी-पेशीत (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीत) 14 आणि 18 नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते, बीसीएल-टू जाऊन बसतो अँटीबॉडीच्या जीनशेजारी, ती जागा कायम चालू, मग हाही चालूच राहतो. हे सगळं आयुष्यात मध्येच कधीतरी त्या पेशीत घडतं, आजीकडून आलेलं नसतं, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाच्या नात्यावरून घाबरू नका.

मायटोकॉन्ड्रियाचा संबंध वेगळाच आहे. बीसीएल-टूचं प्रोटीन त्यांच्या बाहेरच्या पडद्यावर ठाण मांडून बसतं. एरवी पेशी बिघडली की त्या पडद्याला भोकं पडतात, सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं आणि पेशी स्वतःला संपवते, बीसीएल-टू ती भोकंच पडू देत नाही. म्हणून हा लिम्फोमा बऱ्याचदा सावकाश वाढतो, पेशी धडाधड वाढतात असं नाही, मरायच्या त्या मरत नाहीत म्हणून साठतात.

काकांचा फॉरवर्ड अगदीच हवेतला नाही हं. 1920 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्गना दिसलं की कॅन्सर पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज भसाभस वापरून लॅक्टिक ॲसिड बनवतात, पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ चमकते ती याच ग्लुकोजच्या हावेमुळे. त्यावरून त्यांनी मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत असं धरलं, ते मात्र बहुतेक कॅन्सरमध्ये खरं नाही. कारखाना चालूच असतो, फक्त ऑर्डर दुसऱ्याच्या! मिक नावाचा कॅन्सरचा जीन मायटोकॉन्ड्रिया वाढवतो आणि ग्लुटामाइन या अमिनो ॲसिडवर चालवायला लावतो, रास नावाचा दुसरा जीन त्यांचे बारीक तुकडे पाडतो. आणि साखर बंद केलीत तरी लिव्हर रक्तात ग्लुकोज सोडतच राहतं.

रिपेअरचं म्हणाल तर औषधं नेमकी उलटी चालतात. वेनेटोक्लॅक्स, अमेरिकेत 2016 मध्ये एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी मंजूर झालेलं, ते बीसीएल-टूला अडकवून ठेवतं आणि मायटोकॉन्ड्रियाला फुटू देतं. मामांना तेच देतील असं नाही, त्यांच्या आजारात सहसा आधी दुसरी औषधं वापरतात, कधी तर नुसतं लक्ष ठेवतात. पावडरचा डबा मात्र पुढच्या ओपीडीला सोबत न्या, त्यातलं काही औषधांच्या आड येत नाही ना ते डॉक्टरांना बघू दे.