२६ नोव्हेंबरला नेमकं काय संपलं?

(विधिमंडळाच्या कामकाजाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना विधिमंडळ सचिवालयातील एक निवृत्त अधिकारी उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. २०२४ मध्ये विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपली आणि नवे मुख्यमंत्री ५ डिसेंबरला आले. मधल्या दिवसांत राज्य कुणाचं होतं? "२६ तारखेच्या आत सरकार आलं नाही तर राष्ट्रपती राजवट लागणार" असं आमच्या कट्ट्यावर सगळे ठासून सांगत होते. मग लागली का नाही?
– एक वाचक, कोपरगाव

दादा, तेव्हा मलाही दिवसभर याचसाठी फोन येत होते. आधी २६ ही तारीख कुठून आली ते बघू. मागची निवडणूक २१ ऑक्टोबर २०१९ ला झाली, निकाल २४ ला लागला. पण विधानसभेची पाच वर्षं मतदानापासून मोजत नाहीत, निकालापासूनही नाहीत. संविधानाच्या १७२ व्या अनुच्छेदाप्रमाणे ती नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीसाठी ठरलेल्या दिवसापासून मोजतात. २०१९ मध्ये त्या बैठकीला महिनाभर उशीर झाला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २७ नोव्हेंबरला हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर यांनी आमदारांना शपथ दिली. तिथून पाच वर्षं म्हणजे २६ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी कुणी सही केली नाही तरी सभागृह आपोआप विसर्जित होतं.

संपतं ते सभागृह. सरकार ही वेगळी गोष्ट आहे. मुख्यमंत्री राजीनामा देतात, राज्यपाल त्यांना पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगतात. एकनाथ शिंदे यांनी २६ तारखेला राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरपर्यंत ते काळजीवाहू मुख्यमंत्री होते. राज्य अधांतरी नव्हतं. शिवाय निकाल २३ ला लागला आणि २४ ला निवडून आलेल्यांची यादी राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांच्याकडे गेली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणे ही नावं अधिसूचित झाली की नवी विधानसभा गठित झाली असं मानतात. शपथविधी नंतर झाला तरी चालतो.

जुन्या नोंदी चाळल्या असत्या तर इतकी घबराट झाली नसती. २००४ मध्ये मुदत १९ ऑक्टोबरला संपली आणि विलासराव देशमुखांनी १ नोव्हेंबरला शपथ घेतली. २००९ मध्ये मुदत ३ नोव्हेंबरला संपली, शपथ ७ ला झाली. दोन्ही वेळा राष्ट्रपती राजवट आली नाही. २०१९ मध्ये आली, १२ नोव्हेंबरला, पण तिचं कारण बहुमत कुणालाच दाखवता आलं नाही हे होतं. जुन्या सभागृहाची मुदत तर त्याआधीच, ९ तारखेला संपली होती. या दोन गोष्टी वाहिन्यांनी एकत्र कालवल्या आणि लोकांना विनाकारण घाबरवलं. याचा मला राग आहे, कारण माहिती सचिवालयात एका फोनवर मिळण्यासारखी होती.

एक पद मात्र सभागृहाबरोबर जात नाही, ते अध्यक्षांचं. नव्या सभागृहाची पहिली बैठक सुरू होईपर्यंत जुने अध्यक्ष पदावर राहतात. म्हणून राहुल नार्वेकर डिसेंबरपर्यंत अध्यक्ष होते. ७ डिसेंबरला पुन्हा कोळंबकरच हंगामी अध्यक्ष म्हणून बसले आणि ९ तारखेला नार्वेकर पुन्हा बिनविरोध निवडून आले.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. विधानसभा विसर्जित झाल्यावर अर्धवट राहिलेल्या विधेयकांचं काय होतं? पुस्तकात अनुच्छेद १९६ दिलाय, पण उदाहरण नाही.
– एक वाचक, लातूर

बाळ, उदाहरण अगदी ताजं आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक ११ जुलै २०२४ ला विधानसभेत मांडलं गेलं. १२ जुलैला पावसाळी अधिवेशन संपलं. ते त्या विधानसभेचं शेवटचं अधिवेशन ठरलं. विधेयक तसंच पडून राहिलं आणि २६ नोव्हेंबरला सभागृहाबरोबर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ते नव्यानं मांडावं लागलं. या वेळी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, मसुद्यात बदल झाले आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेनं ते मंजूर केलं. कायद्याबद्दल तुझं मत काहीही असो, पण अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी मांडलेलं विधेयक दुसऱ्या दिवशी घाईत मंजूर झालं असतं तर त्या हजारो सूचनांना जागाच उरली नसती. व्यपगत होणं म्हणजे दरवेळी नुकसान, असं मी मानत नाही.

नियम असा लक्षात ठेव. विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक व्यपगत होतं. विधानसभेनं मंजूर करून विधान परिषदेकडे पाठवलेलं आणि तिथे अडलेलंही होतं. परिषदेत सुरू झालेलं आणि विधानसभेकडे अजून न आलेलं मात्र टिकतं. दोन्ही सभागृहांनी मंजूर करून राज्यपाल किंवा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलेलंही टिकतं. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा पुरुषोत्तमन नंबुदिरी खटला आवर्जून वाच. केरळच्या विधानसभेनं जून १९५९ मध्ये कृषिसंबंध विधेयक मंजूर केलं, जुलैअखेर नंबुद्रिपाद सरकार बरखास्त होऊन सभागृह विसर्जित झालं, तेव्हा विधेयक राष्ट्रपतींकडे होतं. न्यायालयानं ते जिवंत धरलं. आपल्याकडचं शक्ती विधेयक (महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं) डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन दिल्लीला गेलं होतं. तेही विधानसभेच्या मुदतीमुळे व्यपगत झालं नाही, अडलं ते केंद्राच्या हरकतींवर.

तारांकित प्रश्न (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळतं ते), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), अशासकीय ठराव (मंत्री नसलेल्या आमदारांचे) यांची यादी कुणी छापत नाही. उत्तर न मिळालेले ते सगळे संपतात. एखाद्या आमदारानं आपल्या तालुक्यातल्या बंद प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल विचारलेला प्रश्न असतो, तो पुढच्या सभागृहात कुणीतरी पुन्हा विचारेपर्यंत कुठेच नसतो. मी सचिवालयाच्या शाखेत असताना असे कागद बांधून ठेवताना फार वाईट वाटायचं.

म्हणून सांगते, कायद्यानं मुदत २६ नोव्हेंबरला संपली, तरी काम करणारी विधानसभा १२ जुलैलाच संपली होती. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढंच संविधान म्हणतं, त्यामुळे यात नियमभंग काही नाही. पण ऑक्टोबरात आचारसंहिता लागेपर्यंत मंत्रिमंडळाच्या बैठकांत निर्णयामागून निर्णय होत होते आणि त्यांच्यावर प्रश्न विचारायला सभागृह बसलेलं नव्हतं. निवडणुकीच्या वर्षी सप्टेंबरात निदान आठवडाभराचं अधिवेशन झालंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमदार गोवर्धन शर्मा गेल्यानंतर आमचा मतदारसंघ वर्षभर रिकामा राहिला. पोटनिवडणूक जाहीर होऊनही रद्द झाली. असं कसं?
– एक वाचक, अकोला

तुमची नाराजी रास्त आहे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असं कायदा सांगतो. त्याला अपवाद आहे, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर घेण्याचं बंधन नाही. शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा वर्षाहून थोडं जास्त शिल्लक होतं. निवडणूक आयोगानं २६ एप्रिल २०२४ ला, लोकसभेबरोबरच मतदान ठेवलं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्चमध्ये ती पोटनिवडणूक रद्द ठरवली. निवडून येणाऱ्याच्या वाट्याला वर्षही उरत नाही, असा तो विचार होता.

पुण्यात याच्या उलट घडलं. खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले, लोकसभेचं वर्षाहून जास्त शिल्लक होतं, तरी पोटनिवडणूक झाली नाही. उच्च न्यायालयानं डिसेंबरात ती घ्यायला सांगितलं आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती आली. मला विचाराल तर आयोगानं जागा रिकामी झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मतदान घ्यावं. उशीर केला की तोच उशीर पुढे निवडणूक न घेण्याचं कारण होऊन बसतो.

प्रश्न : विधान परिषदेचीही मुदत संपते का?
– एक वाचक, चिपळूण

नाही. परिषद विसर्जित होत नाही. ७८ सदस्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, प्रत्येकाला सहा वर्षं मिळतात. १५ ऑक्टोबर २०२४ ला, निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, राज्यपालनियुक्त सात सदस्यांनी परिषदेत शपथ घेतली होती, ती परिषद अशी कायम चालू असते म्हणूनच.

प्रश्न : निवडणुकीआधी आमच्या वाडीच्या रस्त्याचं भूमिपूजन झालं, नारळ फुटला. मग आमदारांची मुदत संपली. नवे आमदार म्हणतात, "ते काम माझं नाही." आता काय करावं?
– एक वाचक, जुन्नर तालुका

काम आमदाराच्या मालकीचं नसतं, ते प्रशासनाचं असतं. नारळाला कागदावर किंमत नाही. विचारायचं ते कार्यारंभ आदेशाबद्दल, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या लेखी आदेशाबद्दल. आदेश आचारसंहितेआधी निघून काम प्रत्यक्ष सुरू झालं असेल तर ते मध्येही थांबायला नको होतं. आदेश निघाला पण काम सुरू नव्हतं, तर निवडणूक संपेपर्यंतच थांबायचं होतं, त्यानंतर अडथळा नाही. आणि आदेशच निघाला नसेल, तर काम मंजूर आहे की फक्त भाषणात होतं, ते आधी शोधा. निधी आमदारांचा असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयात आणि रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या बांधकाम विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेशाची प्रत, एवढंच मागा.

क्रमांक हाती आला की नव्या आमदारांना तोच दाखवा आणि तारांकित प्रश्न लावायला सांगा. सध्याच्या सभागृहाची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली आहे, म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२९ च्या सुरुवातीपर्यंत आहे. शेवटच्या पावसाळी अधिवेशनाची वाट पाहू नका, त्याआधीच प्रश्न लागू द्या. अर्जाचं उत्तर आलं की मला इथेच कळवा, पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते सांगते.