टाकी बदलल्यावर येणारा गॅसचा वास आणि उन्हाळ्यातला कूलर

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. नवी टाकी लावली की दोन दिवस ओट्याखाली वास येतो आणि मग जातो, तर काळजी करायची का? आणि खिडकीतला कूलर चालू ठेवून स्वयंपाक केला तर चालतो का? पहिल्याचं आधी सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

वास गेला म्हणजे गळती गेली असं धरू नका. टाकीत द्रव गॅस आहे तोवर आतला दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे गळकी जागा दोन दिवसांत आपोआप बंद होईल हा भरवसा नाही. सरावतं ते नाक. पाहुण्याला उंबऱ्यातच वास येतो आणि घरच्यांना काहीच कळत नाही, ते त्यामुळेच. टाकी संपत आल्यावर वास वाढतो त्याचं कारण वेगळं आहे. वासासाठी मिसळलेलं मर्कॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतं, म्हणून तळाच्या गॅसात त्याचं प्रमाण वाढत जातं. तुमचा वास मात्र टाकी भरलेली असताना येतोय.

नळी तीच, शेगडी तीच, बदललं ते टाकीचं तोंड. म्हणून पहिला संशय तिथेच. व्हॉल्व्हच्या आत खाचेत एक काळी रबरी रिंग असते, आपल्याकडे तिला सरळ वायसर म्हणतात. रेग्युलेटर चालू केला की टाकीचा पुरता दाब या रिंगेवर येतो. रेग्युलेटरच्या पुढे नळीत जातो तो जेमतेम ३० मिलिबार. रिंग चिरलेली, चपटी झालेली किंवा नसलेलीच असेल तर वास येणारच. त्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की टाकीतला दाब हिवाळ्याच्या मानाने बराच वाढतो. थंडीत न जाणवलेली गळती मे महिन्यात जाणवते ती अशी.

तपासणी गॅसवाला दारात उभा असतानाच करा. सील तोडून टोपी काढा आणि उजेडात बघा: रिंग खाचेत आहे का, अखंड आहे का. मग तोंडात पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. रेग्युलेटर न लावताच बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिनच गळतेय. टोपी घट्ट लावून ती टाकी परत द्या. बुडबुडे नसतील तर रेग्युलेटर बसवून चालू करा, शेगडीची बटणं बंद ठेवा आणि ग्लासभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण फेटून ते पाणी जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळीभर लावा. मिनिटभर बघा. जोडाशी फेस फुगतोय आणि रेग्युलेटर बंद करताच थांबतोय, तर दोष रिंगेचाच. ती एजन्सीकडून बदलून घ्या. दोरा गुंडाळणं, साबणाची वडी थापणं हे उपाय नव्हेत. आणि काडी पेटवून बघणं कधीच नाही.

टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे. ‘डी २८’ म्हणजे डिसेंबर २०२८ पर्यंत. उलटलेली मुदत दिसली तर ती टाकी घेऊ नका. नळी तारेच्या जाळीची, नारिंगी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. घरात धान्याच्या गोण्या असतील तर उंदरांसाठी ओट्याखाली मधूनमधून नजर टाका. नळीवर कापडी कव्हर घालू नका, चीर झाकली जाते.

आता कूलर. वाऱ्याचा झोत थेट शेगडीवर येत असेल तर चालणार नाही. मंद आचेवर डाळ ठेवलेला छोटा बर्नर गपकन विझतो आणि बटण उघडंच राहतं. घरगुती शेगड्यांमध्ये ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय सहसा नसते. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर न जाता फरशीवर आणि ओट्याखाली साचतो. हवेत साधारण दोन टक्के झाला तरी ठिणगी पुरते. कूलरच्या पट्ट्या भिंतीकडे वळवा किंवा कूलर बाजूच्या खोलीत घ्या. डाळ उतू गेली तरी ज्योत तशीच विझते, म्हणून कुकरच्या शेजारचा बर्नरही बघत जा.

भरिताची वांगी गॅसवर भाजली की रस बर्नरच्या भोकांत गळतो, ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते. बर्नर गार झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून भोकं सुईने मोकळी करा. आतल्या जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकाच्या तुकड्यात, मात्र सुई खुपसू नका, भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे (मोठ्या पुरणपोळ्या) भाजायचं मातीचं खापर काचेच्या शेगडीवर ठेवू नका. त्याची रुंद पाठ उष्णता खाली परतवते, काच तडकते, बटणं तापतात. खापराला अंगणातली चूलच बरी.

घरात वास कोंडलेला सापडला तर शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. चालू कूलर बंद करू नका, बंद पंखा लावू नका. बटण दाबताना दोन्ही वेळा ठिणगी पडते. मेन स्विच घराबाहेर, वास नसलेल्या जागी असेल तरच तो पाडा. रेग्युलेटर काढून टोपी बसवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ ला फोन करा. तो नंबर चोवीस तास चालू असतो.

तुमची आत्ताची टाकी लागलेलीच आहे. आज रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा आणि सकाळी चहा ठेवण्याआधी साबणपाणी लावा. फेस कुठे फुगला ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.