‘रार’ : कौतुक की टोमणा?

प्रश्न : मुलगी ओस्लोत नोकरी करते. डॅनिश शेजारीण तिला ‘रार’ म्हणाली. ते ऐकून नॉर्वेजियन मैत्रिणी हसल्या. का बरं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, पोरीची तारीफच झाली! मूळ लॅटिन ‘रारुस’, म्हणजे विरळ. इंग्रजी ‘रेअर’ त्याच घरातला. जे विरळ ते मोलाचं, म्हणून डॅनिशमध्ये ‘रार’ म्हणजे छान, भला. स्वीडिशमध्ये लाघवी, गोड. नॉर्वेजियननं मात्र विरळ ते विचित्र असं धरलं. आमची नागपूरच्या महाल भागातली आत्या ‘असा पोट्टा विरळाच गं बाई’ म्हणायची, तेव्हा कौतुक की टोमणा, आम्हालाही उमगत नसे. मुलीनं ओस्लोत कुणाला भलं म्हणायचं तर ‘स्निल’ म्हणावं. ‘रार’ डॅनिश शेजारणीसाठी राखून ठेवावा.